फुटबॉल मंडळे आणि लोकवस्ती : कोल्हापूरचा अनुभव व तेलगावचा प्रश्न

बीडहून परळीस जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांस मिळतात, तेथे धारूर तालुक्यातील तेलगाव हे गाव वसलेले आहे. त्याच्या एका अंगास सिंदफणेवरील माजलगाव धरणाच्या पाण्याने भिजणारा काळ्या जमिनीचा पट्टा आहे, तर दुसऱ्या अंगास बालाघाटाच्या डोंगररांगेतील कोरडवाहू गावे व वाड्या आहेत. गावाजवळच सहकारी साखर कारखाना उभा आहे. असे असूनही दसरा-दिवाळी उलटली की या परिसरातील असंख्य कुटुंबे बि­ऱ्हाड बांधून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात. ज्या मुलुखात ती पाल टाकतात, त्यात कोल्हापूर जिल्ह्याचाही समावेश होतो.

नेमक्या याच महिन्यांत कोल्हापूर शहरात फुटबॉलचा हंगाम रंगात आलेला असतो. छत्रपती शाहू स्टेडियमवर पेठापेठांतील संघ एकमेकांसमोर ठाकतात आणि त्यांचे पाठीराखे हजारोंच्या संख्येने जमतात. एकीकडे आपल्या पेठेच्या नावाने गर्जणारा स्थिर नागरिक, व तेथून काही कोसांवरील उसाच्या फडात आपल्या गावापासून तुटलेला ऊसतोड मजूर, अशी ही दोन चित्रे एकाच काळात व एकाच जिल्ह्यात दिसतात. फुटबॉल मंडळे व त्यांचे पाठीराखे यांच्यापासून स्थानिक समाजास कोणता लाभ होतो, या प्रश्नाचा विचार करताना ही दोन्ही चित्रे एकत्र पाहिली म्हणजे प्रश्नाचे मर्म अधिक स्पष्ट होते. कोल्हापुरात जे घडले ते कशामुळे घडले, आणि जेथे अर्धे गाव अर्धे वर्ष परगावी असते तेथे ते घडू शकेल काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संघ, मंडळ आणि पाठीराखे

या विषयावरील चर्चेत तीन भिन्न गोष्टींची पुष्कळदा गल्लत होते. संघ म्हणजे मैदानात उतरणारे अकरा खेळगडी व त्यांचे राखीव सहकारी. मंडळ म्हणजे या संघाच्या मागे उभी असलेली संस्था : तिचे सभासद, तिची जागा, तिचा निधी आणि तिची कार्यकारिणी. पाठीराखे म्हणजे स्वतः न खेळता संघाच्या यशापयशाशी आपली प्रतिष्ठा जोडणारा समुदाय. संघ हंगामापुरता असतो. खेळाडू बदलतात, वयपरत्वे निवृत्त होतात. मंडळ मात्र पिढ्यानुपिढ्या टिकू शकते. पाठीराख्यांचा समुदाय तर बहुधा मंडळाहूनही व्यापक असतो, कारण त्यात वर्गणी न भरणारे, किंबहुना कधी मैदानात पाऊलही न टाकणारे वृद्ध व स्त्रिया यांचाही अंतर्भाव होतो.

हा भेद लक्षात घेतला म्हणजे फुटबॉलच्या लोकोपयोगाविषयी जे विधान नेहमी करण्यात येते, त्याची मर्यादा ध्यानात येते. खेळाने शरीर सुदृढ होते, सांघिक वृत्ती वाढते, व्यसने दूर राहतात, असे सांगितले जाते. ते असत्य नाही. परंतु हे गुण खेळणाऱ्या काही तरुणांपुरते मर्यादित आहेत. न खेळणाऱ्या शेकडो कुटुंबांस जो लाभ होतो, तो चेंडूपासून होत नसून चेंडूभोवती उभ्या राहिलेल्या संस्थेपासून होतो. म्हणून अभ्यासाचा विषय खेळ हा नसून मंडळ हा आहे.

कोल्हापूर : तालमीपासून मंडळापर्यंत

कोल्हापूरच्या फुटबॉलचे वैशिष्ट्य असे की, तेथील बहुसंख्य मंडळे मूळची फुटबॉलची नव्हेत. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही नावेच त्यांचा उगम सांगतात. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कारकीर्दीत कुस्तीस उदार आश्रय दिला. १९०२ सालच्या विलायतेच्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर उभारलेले खासबाग मैदान १९१२ साली कुस्तीसाठी खुले झाले. या आश्रयामुळे शहराच्या प्रत्येक पेठेत तालीम ही केवळ व्यायामाची जागा न राहता पेठेतील पुरुषांचे सार्वजनिक केंद्र बनली. तेथे वस्ताद असे, तेथे वडीलधाऱ्यांचा शब्द चाले, तेथून उत्सव निघत आणि तेथेच तंटे मिटत.

पुढे राजाराम महाराजांच्या काळात फुटबॉलला उत्तेजन मिळाले आणि १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली. या संस्थेने साखळी स्पर्धेची शिस्त घालून दिली. तिच्या वरिष्ठ गटात १६ संघ खेळतात आणि साखळीनंतर विविध चषकांसाठी बाद पद्धतीच्या स्पर्धा होतात. या व्यवस्थेत नव्या खेळासाठी नवी संस्था उभारावी लागली नाही. जुन्या तालमीने नवा खेळ उचलला. सभासद, जागा, वर्गणी मागण्याची रूढी आणि वडीलधाऱ्यांचा अधिकार हे सर्व आधीच सिद्ध होते, त्यात केवळ चेंडूची भर पडली. शिवाजी पेठेतील शिवाजी तरुण मंडळ आणि मंगळवार पेठेतील पाटाकडील तालीम मंडळ यांच्यातील सामन्यास जे महत्त्व आहे, ते दोन संघांच्या खेळापेक्षा दोन शेजारी पेठांच्या जुन्या ईर्षेतून आलेले आहे.

लाभाची यंत्रणा

अशा मंडळापासून पेठेस होणारे लाभ चार प्रकारचे दिसतात. ते एकाच मुळातून निघतात, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

पहिला लाभ नित्याच्या उपस्थितीचा. सरावासाठी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जमावे लागते. जो मुलगा आला नाही त्याची चौकशी होते. त्याच्या आजाराची, शाळा सोडल्याची अथवा वाईट संगतीस लागल्याची वार्ता इतरांस त्याच दिवशी कळते. शहरात शेजाऱ्यास शेजाऱ्याचा पत्ता नसतो अशी तक्रार होत असताना, ही न लिहिलेली हजेरीपुस्तिका पेठेचे मोठेच रक्षण करते.

दुसरा लाभ निधीचा. संघ चालवावयाचा म्हणजे पोशाख, बूट, चेंडू, प्रवास आणि औषधोपचार यांसाठी पैसा लागतो. तो पेठेतील दुकानदार, नोकरदार व कारागीर यांच्याकडून वर्गणीरूपाने जमतो. एकदा पैसे गोळा करण्याची व हिशेब देण्याची सवय जडली, की तोच हात दुसऱ्या कार्यासही वळतो. गणेशोत्सव, रक्तदान, एखाद्या गरीब कुटुंबातील शस्त्रक्रिया, शालेय साहित्याचे वाटप ही कामे त्याच मंडळांच्या नावाने होताना दिसतात. महाराष्ट्रातील अशा मंडळांची नोंदणी सामान्यतः १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम व १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम यांखाली होते, व त्यामुळे वार्षिक हिशेब तपासून घेण्याचे बंधन त्यांच्यावर येते. हे बंधन पाळले जाते तेथे मंडळाची पत वाढते, हा त्यातील भावार्थ होय.

तिसरा लाभ आपत्काळी दिसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेस आलेल्या महापुराने कोल्हापूर शहर व परिसर जलमय झाला. सरकारी यंत्रणा व बचावपथके यांच्याबरोबरच तालमींचे व तरुण मंडळांचे कार्यकर्ते पूरग्रस्तांस हलविणे, जेवण शिजविणे, पाणी व कपडे पोहोचविणे या कामी पुढे आले. अशा वेळी कोण पोहू शकतो, कोणाकडे वाहन आहे, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे, ही माहिती कोणत्याही कचेरीत तयार नसते. ती रोज एकत्र जमणाऱ्या लोकांच्या डोक्यात असते. संकटाच्या क्षणी संघटना उभी करता येत नाही. ती आधीपासून उभी असावी लागते, आणि आधीपासून उभी राहण्यासाठी तिला रोजचे काहीतरी आनंददायक निमित्त असावे लागते. फुटबॉल हे असे निमित्त आहे.

चौथा लाभ उन्नतीच्या वाटेचा. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघातून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा होय. असे यश विरळाच लाभते. तथापि महाराष्ट्र शासनाच्या सेवाभरतीत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात, आणि पोलीस, रेल्वे अथवा बँका यांतील संघांमुळे काहींस नोकरी मिळते. मध्यमवर्गीय नसलेल्या घरातील मुलास या वाटेची माहिती मिळते ती बहुधा मंडळातील थोरल्या खेळाडूकडून.

हे चारही लाभ पाहिले तर त्यांच्या मुळाशी एकच अट दिसते. तीच माणसे, त्याच जागी, वर्षानुवर्षे एकमेकांच्या दृष्टीस पडली पाहिजेत. हजेरी, हिशेब, आपत्तीतील धाव आणि थोरल्याने धाकट्यास दाखविलेली वाट या सर्वांस स्थिर सहवासाचा आधार आहे. फुटबॉल हा सहवास निर्माण करीत नाही. असलेल्या सहवासास तो आकार, नियम व वेळापत्रक देतो.

पाठीराख्यांची दुसरी बाजू

या लाभांचे वर्णन करताना दोषांकडे डोळेझाक करणे शास्त्रीय वृत्तीस सोडून होईल. कोल्हापुरात सामन्यांच्या वेळी पाठीराख्यांत हाणामाऱ्या व दगडफेक होण्याचे, आणि त्यामुळे सामने थांबविण्याचे प्रसंग घडले आहेत. ज्या पेठाभिमानामुळे पुराच्या पाण्यात उडी टाकणारा तरुण तयार होतो, तोच अभिमान प्रेक्षागारात शिवीगाळीचे रूप घेतो. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बेंगॉल यांच्या सामन्याच्या वेळी उसळलेल्या दंग्यात १६ प्रेक्षकांनी प्राण गमावले. ज्या मोहन बागानने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघास हरवून सबंध देशाची मान उंचावली, त्याच मंडळाच्या इतिहासात हे काळे पानही आहे.

दुसरा दोष अर्थकारणाचा. चुरस वाढली की बाहेरचे खेळाडू आणण्याचा मोह होतो. कोल्हापूरच्या मंडळांनी परराज्यांतील, तसेच आफ्रिकेतीलही खेळाडू आणले. त्यामुळे खेळाचा दर्जा उंचावला, हे खरे. परंतु वर्गणीचा मोठा वाटा मोजक्या पाहुण्यांच्या मानधनावर खर्च होऊ लागला म्हणजे पेठेतील धाकट्या मुलाच्या वाट्यास संधीही कमी येते व निधीही. तिसरा दोष असा की, तालीम ही परंपरेने पुरुषांची संस्था असल्याने तिच्या लाभात पेठेतील मुलींचा वाटा दीर्घकाळ नगण्य राहिला. मंडळाची उपयुक्तता मोजताना ते किती चषक जिंकते याहून त्याचा निधी कोणाकडून येतो व कोणावर खर्च होतो, हे तपासणे अधिक उद्‌बोधक ठरते.

स्थिर वस्ती नसलेल्यांचे अनुभव

येथवरचे विवेचन स्थिर वस्तीपुरते झाले. स्थलांतरितांच्या जीवनात फुटबॉल मंडळाने काय केले, हे पाहण्यासाठी कोल्हापूरच्या बाहेर दृष्टी टाकणे अवश्य आहे.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या पूर्व भागात आयर्लंडहून आलेल्या श्रमिकांची दाट व दरिद्री वस्ती होती. त्या वस्तीतील उपाशी मुलांच्या जेवणासाठी पैसा उभारावा, या हेतूने ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाच्या पुढाकाराने १८८७ साली सेल्टिक क्लब स्थापन झाला. सामन्याच्या तिकिटांतून येणारा पैसा मुलांच्या पंगतीकडे जावा, ही त्यामागील कल्पना होती. क्लबास यश लाभले. पुढे १८९७ साली त्याचे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत रूपांतर झाले आणि भोजनाचा मूळ हेतू मागे पडला. या उदाहरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. स्थलांतरितही मंडळ उभारू शकतात, मात्र ते नव्या ठिकाणी एकवटून राहिले पाहिजेत. आणि मूळ हेतू नियमांत बांधून ठेवला नाही तर यशच त्यास गिळून टाकते.

केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात सात खेळाडूंच्या फुटबॉलची निराळीच परंपरा आहे. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतांत व तात्पुरत्या मैदानांत गावोगावची मंडळे स्पर्धा भरवितात. मैदान लहान लागते, संघ लहान असतो आणि बांबू व लाकडाचे प्रेक्षागार हंगाम संपताच मोडून नेता येते. तिकिटांच्या उत्पन्नाचा काही भाग रुग्णांच्या उपचारासाठी व दुर्धर आजारी माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या स्थानिक केंद्रांसाठी देण्याची प्रथा तेथे रुळली आहे. फुटबॉलचा हंगाम शेतीच्या पंचांगाप्रमाणे ठरविता येतो, हा या उदाहरणाचा बोध होय.

महाराष्ट्रातच नागपूर येथे हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. पावसात फुटक्या बादलीस लाथाडीत खेळणारी मुले पाहून त्यांना ही कल्पना सुचली, हे सर्वश्रुत आहे. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही चळवळ उभी राहिली. २०१६ साली तिला जागतिक फुटबॉल महासंघाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटाने तिची कथा घराघरांत नेली. तेथे तालीम नव्हती, पेठेचा अभिमान नव्हता, वर्गणी देणारे दुकानदार नव्हते. तरीही ठरलेली वेळ, ठरलेले मैदान व रोज येणारा एक शिक्षक या तीन गोष्टींनी आरंभ झाला.

झारखंडात रांचीनजीकच्या खेड्यांत २००९ पासून ‘युवा’ या संस्थेने मुलींचे फुटबॉल संघ उभे केले. तेथील मुलींचे शिक्षण लवकर सुटते आणि लग्ने लवकर होतात. रोजच्या सरावामुळे मुली एकमेकींची हजेरी ठेवू लागल्या. पुढे संस्थेने स्वतःची शाळाही काढली. २०१९ साली समाजहितासाठी खेळाचा उपयोग करणाऱ्या संस्थांसाठी असलेला लॉरियस पुरस्कार तिला लाभला. कोल्हापूरच्या तालमीत मुलांच्या बाबतीत जी न लिहिलेली हजेरी आढळली, तीच येथे मुलींच्या रक्षणास उपयोगी पडली.

तेलगाव : स्थलांतराचे पंचांग

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. तेलगावच्या परिसरातील ऊसतोड मजुरांची स्थिती ग्लासगोच्या आयरिश श्रमिकांसारखी नाही. ते नव्या ठिकाणी एकवटून राहत नाहीत. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. अशा काही कोयत्यांची टोळी मुकादमाच्या हाताखाली उचल घेऊन निघते, आणि कारखाना सांगेल त्या फडात आज येथे तर उद्या तेथे उतरते. एकाच वाडीतील शेजारी चार निरनिराळ्या कारखान्यांवर विखुरले जातात. पहाटेपासून तोड, मोळ्या बांधणे व वाहन भरणे यांत दिवस आणि पुष्कळदा रात्रही संपते. म्हणून कामाच्या ठिकाणी मंडळ उभे राहील, ही अपेक्षा व्यर्थ होय.

मूळ गावीही अडचण आहेच. महाराष्ट्रातील फुटबॉलचा जो रूढ हंगाम, म्हणजे हिवाळा व उन्हाळा, त्यातील मोठ्या भागात गावात वृद्ध व काही मुलेच उरतात. कोल्हापूरचा नमुना जसाच्या तसा उचलून तेलगावात आणला, तर वर्गणी देणारे बाहेर, खेळणारे बाहेर आणि टाळ्या वाजविणारेही बाहेर अशी स्थिती होईल. मैदान तयार होईल, चषक ठेवला जाईल, उद्‌घाटन होईल व पुढच्या वर्षी गोलाचे खांब तेवढे उभे राहतील. ग्रामीण भागात क्रीडासाहित्य वाटण्याच्या योजनांची पुष्कळदा अशीच गत होते, कारण वेळापत्रक गावाकडे पाहून ठरत नाही.

मलप्पुरमचा बोध येथे उपयोगी पडतो. तेलगावच्या पंचांगात सगळे घरी असण्याचा काळ म्हणजे चैत्रापासून आश्विनापर्यंतचा. त्यातील मृगापासून दसऱ्यापर्यंतचे महिने पावसाचे आहेत. पाऊस हा फुटबॉलचा शत्रू नव्हे. क्रिकेट पावसात थांबते, फुटबॉल थांबत नाही. मुंबईतही हा खेळ पूर्वापार पावसाळ्यात खेळला गेला आहे. जुलै ते सप्टेंबर हा तेलगावचा स्वाभाविक हंगाम ठरतो. त्यात अंतिम सामना दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी व्हावा, हे ओघानेच आले. पेरणी व खुरपणीच्या दिवसांत सराव सायंकाळी ठेवावा लागेल. मैदानाची निवड करताना एक साधी गोष्ट विसरता कामा नये. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो, म्हणून निचरा होणारा मुरमाड माळच या हंगामास योग्य. बालाघाटाच्या पायथ्याशी तसा माळ दुर्मिळ नाही. अकरांऐवजी सातांचा संघ ठेवल्यास लहान वाडीसही आपला संघ उतरविता येईल.

तथापि केवळ हंगाम बदलल्याने अर्धेच काम होते. उरलेल्या सहा महिन्यांचे काय, हा प्रश्न राहतोच, आणि खरे हित त्याच्याशीच निगडित आहे. आईबाप तोडीस गेले की मुलास बरोबर नेणे, अथवा म्हाताऱ्या आजी-आजोबांवर सोपविणे एवढेच मार्ग बहुधा असतात. पहिल्यात शाळा सुटते. दुसऱ्यात मुलीच्या सुरक्षिततेची चिंता आईबापांस पोखरते आणि तिचे लग्न लवकर उरकून टाकण्याकडे कल होतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बालविवाहाचे मोठे प्रमाण असलेल्या राज्यातील जिल्ह्यांत बीडची गणना झाली, यामागील कारणांत हे स्थलांतर एक प्रमुख कारण मानले जाते.

यावर शासनाने योजलेला उपाय म्हणजे हंगामी वसतिगृह. स्थलांतराच्या महिन्यांत मुलांस गावातच ठेवून त्यांच्या जेवणाखाण्याची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत करावी, अशी ही योजना आहे. २०२१ पासून ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहे सुरू करण्याचे धोरणही राज्याने स्वीकारले. परंतु वसतिगृह कागदावर चालते की प्रत्यक्षात, मुले रात्री तेथे असतात की नसतात, जेवण कसे आहे, हे पाहणार कोण? ज्या पालकांचा त्यात सर्वाधिक संबंध, तेच शेकडो मैल दूर असतात. देखरेख करणारा समाज नेमका त्या काळात गावात नसतो.

कोल्हापूरच्या इतिहासातील दुसऱ्या संस्थेचे स्मरण येथे होते. शाहू महाराजांनी कुस्तीस आश्रय दिला त्याच काळात, १९०१ पासून, त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढण्यास हातभार लावला, आणि त्यामुळे कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. तालीम पेठेत राहणाऱ्यांसाठी होती, वसतिगृह घरापासून दूर आलेल्यांसाठी. कोल्हापुरात या दोन संस्था समांतर वाढल्या. तेलगावसारख्या ठिकाणी त्या एकमेकींस जोडाव्या लागतील. पावसाळ्यात जो संघ पालकांच्या डोळ्यांदेखत खेळला, तोच संघ हिवाळ्यात वसतिगृहात राहिला, तर सायंकाळचा सराव हीच त्याची हजेरी होईल. मैदानात बारा मुली यायला हव्यात आणि आठच आल्या, तर चार कोठे आहेत हा प्रश्न त्याच संध्याकाळी विचारला जाईल. तो विचारण्यास सरकारी तपासनीसाची वाट पाहावी लागणार नाही. गावात उरलेले शिक्षक, दुकानदार, कारखान्यातील कायम नोकर व वडीलधारी मंडळी यांनी पाठीराखे म्हणून मैदानाकाठी येऊन उभे राहणे, हेच येथे समाजकार्य होय.

पालकांची अनुपस्थितीही सर्वस्वी निरुपाय नव्हे. आज बहुतेक टोळ्यांत भ्रमणध्वनी पोहोचला आहे. पेठेतल्या पाठीराख्यास संघाची वार्ता जशी रोज हवी असते, तशी कोल्हापूरच्या फडात बसलेल्या आईस आपल्या मुलीचा आजचा सराव कसा झाला याची वार्ता हवी असते. संघाच्या निमित्ताने ती वार्ता गेली, तर मुलीस घरी ठेवून जाण्याचे धैर्य पुढील वर्षी तिच्यात अधिक येईल.

यात धोके नाहीत असे नव्हे. मुकादमांच्या अथवा राजकीय गटांच्या चढाओढीत संघ ओढले जाण्याचा संभव आहे. वाडीवाडीचा व जातीजातीचा संघ निघाला, तर मैदान जुन्या दुहीचे नवे स्थान होईल. चषकाच्या हव्यासाने बाहेरचे खेळाडू आले, तर सर्व हेतूच बुडेल. सेल्टिकच्या अनुभवावरून बोध घेऊन मंडळाच्या घटनेतच काही नियम घालावे लागतील : संघ शाळेच्या वर्गांतून मिश्र करून निवडावेत, मुलींचा संघ असल्याखेरीज मुलांच्या संघास प्रवेश नसावा, आणि जमा निधीचा ठराविक हिस्सा वसतिगृहासाठी राखून त्याचा हिशेब टोळ्या परत आल्यावर, पाडव्यानंतरच्या सभेत, सर्वांसमोर वाचावा.

उपसंहार

फुटबॉल मंडळे व त्यांचे पाठीराखे स्थानिक समाजास उपकारक ठरतात, हे विधान कोल्हापूरच्या अनुभवाने सिद्ध होते. परंतु तो उपकार चेंडूच्या अंगचा गुण नाही. एकाच ठिकाणी राहणाऱ्या माणसांनी एकमेकांची रोज दखल घेणे, हा त्याचा गाभा आहे. जेथे असे राहणे आधीच आहे तेथे फुटबॉल त्यास शोभा आणतो. जेथे दारिद्र्यामुळे ते दरवर्षी मोडते, तेथे फुटबॉलला शोभेहून मोठे काम करावे लागते. तेलगावसारख्या गावात मंडळाची परीक्षा दसऱ्याआधीच्या अंतिम सामन्यात होणार नाही. ती मार्गशीर्षातील एखाद्या थंड संध्याकाळी, आईबाप दूर फडात असताना, मैदानावर किती मुली आल्या व न आलेल्यांच्या घरी किती जण चौकशीस गेले, यावरून होईल. स्थलांतराचे मूळ कारण कोरडवाहू शेती व उचलीचे कर्ज यांत आहे आणि त्याचे निवारण कोणतेही क्रीडामंडळ करू शकणार नाही. तोवर त्या स्थलांतराची किंमत मुलांनी चुकवू नये, एवढे मात्र त्याच्या हातून घडण्यासारखे आहे.